सरावाच्या बाह्या

मी जात्याच संशयी. दुधात बोट बुडवून बघणारी, भाजीवाल्यानं वर कोथिंबीर फुकट टाकली तर खालची मेथी उलटीपालटी करणारी. लातूरकडून लग्न होऊन काळेवाडीत आले, तेव्हा दोनच महिन्यांत सासूबाईंनी सांगून टाकलं होतं की या पोरीला देवानं प्रसाद दिला तरी ती आधी वास घेईल. त्यांचं काही खोटं नव्हतं. घरातच मशीन टाकून मी कित्येक वर्षं ब्लाऊज आणि फॉल-पिको करत आलेय. गिऱ्हाईक फार गोड बोलायला लागलं की मी कापड उजेडात धरून डाग शोधते. फुकट आणि गोड या दोन गोष्टींचं मला भय वाटतं.

म्हणून चिंचवडच्या एका गिऱ्हाईक मॅडमनी जेव्हा ती नोकरी सुचवली, तेव्हा माझा पहिला प्रश्न होता की यात कंपनीला काय मिळतं. चाकणच्या एका मोठ्या कंपनीला शेजारच्या गावातल्या बायकांसाठी शिवणाचा मोफत वर्ग काढायचा होता आणि शिकवायला बाई हवी होती. मॅडमचे मिस्टर तिथंच साहेब होते. मॅडम हसल्या. म्हणाल्या, अहो, कायदाच आहे, नफ्यातला थोडा भाग समाजासाठी खर्च करावा लागतो. ते ऐकून मला जरा बरं वाटलं. मनापासून करतो म्हणणाऱ्यापेक्षा करावं लागतं म्हणणारा मला खरा वाटतो. शिवाय तयार ब्लाऊज निघाल्यापासून माझं काम अर्ध्यावर आलं होतं. मी हो म्हणाले.

एक गोष्ट मात्र मी मॅडमना सांगितली नाही. माझा नवरा त्याच कंपनीत प्रेस शॉपला, म्हणजे पत्र्याचे भाग दाबून काढतात तिथं होता, ठेकेदाराकडून. सात वर्षं ठेकेदाराकडूनच. दिवाळीनंतर काही जणांना कायम करणार अशी हवा होती आणि यादीत त्याचं नाव आहे असं त्याच्या लाईनवरचे लोक म्हणत होते. मी तिथं शिकवते म्हटल्यावर कुणी म्हणेल वशिला लावला, कुणी म्हणेल बायकोला घुसवलं. त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं, असा मी हिशेब केला.

गाव चाकणच्या अलीकडचं, हायवे सोडून आत; भोसरीला बस बदलून जायचं. पहिल्या दिवशी तिथं उतरले आणि लक्षात आलं की या गावात कंपनीचं नाव वाचल्याशिवाय माणसाला पाणीसुद्धा पिता येत नाही. टाकीवर नाव, शाळेच्या भिंतीवर नाव, बसथांब्यावर नाव, कचऱ्याच्या डब्यांवर नाव. स्मशानातल्या शेडवरही होतं. म्हातारे बाकड्यावर पाठ टेकून बसायचे ते कंपनीच्या नावालाच टेकून. आमचा वर्ग ज्या समाजमंदिरात भरायचा तेही कंपनीनंच बांधलेलं. त्याच्या मागच्या खिडकीतून कंपनीची लांबच लांब भिंत दिसायची, वर काटेरी तार. ती सगळी जमीन याच गावातल्या लोकांची होती, हे मला बायकांकडून पहिल्याच आठवड्यात कळलं.

वर्गाची देखरेख करायला कंपनीचा एक दुसरा साहेब होता. तिशीतला, कडक इस्त्रीचा, बोलायला फार गोड. वयानं आईएवढ्या बाईलाही ताई म्हणायचा. दर शुक्रवारी येऊन मोबाईलवर फोटो काढायचा. एकदा त्यानं एका बाईला रिकाम्या मशीनवर बसवलं आणि हसा म्हणाला. मी म्हटलं, साहेब, दोरा ओवलेला नाही. तो म्हणाला, "ताई, फोटोत दोरा दिसत नाही." त्या दिवसापासून मी त्याच्यावर एक डोळा ठेवायचं ठरवलं. ठेवलाही. पण नको तिथं ठेवला, हे पुढं सांगते.

वर्गात वीस बायका. सहा महिने शिकायचं आणि शेवटी प्रत्येकीला प्रमाणपत्र आणि नवंकोरं शिलाई मशीन मिळणार. प्रमाणपत्राचं कुणाला काही नव्हतं, सगळा जीव मशीनमध्ये. अट एवढीच की हजेरी पूर्ण पाहिजे आणि शेवटपर्यंत साहेबाच्या यादीत नाव राहिलं पाहिजे.

सरावाचं कापड कंपनीच पाठवायची. टेम्पोतून गठ्ठे यायचे, जाड जीन्सचं कापड, आणि तेही आधीच कापलेलं. सगळे तुकडे एका मापाचे, एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला अरुंद. उभी शिवण मारायची आणि दोन्ही तोंडांना इलॅस्टिक घालायचं, की लांब बाही तयार. नुसती बाही, सदरा नाही. मी विचारलं, शिकायच्या कापडाला माप कशाला. साहेब म्हणाला, ताई, बायकांना सोपं जावं म्हणून. वाकडी शिवलेली बाही तो बाजूला काढायचा आणि उसवून पुन्हा शिवायला लावायचा. मला वाटलं, बरा आहे माणूस, शिस्तीचा आहे. मी स्वतः शिस्तीची असल्यामुळे मला तो गुण वाटला. झालेल्या बाह्या पोत्यात भरून आम्ही कपाटात ठेवायचो. कपाटाच्या किल्ल्या दोन, एक माझ्याकडे आणि एक साहेबाकडे.

त्या वीस जणींत एक होती, तिला मी मनातल्या मनात वाकळवाली म्हणायचे. चाळिशीची असेल, उंच, कमी बोलणारी. तिच्या आईच्या वाकळींना पंचक्रोशीत मागणी होती म्हणे. जुन्या लुगड्यांच्या त्या गोधड्या शिवता शिवता हिचा हात असा बसला होता की मशीनवर आठ दिवसांत ती माझ्याबरोबरीनं शिवायला लागली. पण तिची एक खोड होती. बाही झाली की मशीनवरून काढायची, काळा दोरा घ्यायची आणि हाताच्या सुईनं टोकाला दोन आडवे-उभे टाके घालायची, फुलीसारखे. मी विचारलं हे काय. म्हणाली तीट. तिची आई वाकळ झाली की कोपऱ्याला काळी तीट घालायची, त्यात झोपणाऱ्याला दृष्ट लागू नये म्हणून. मी म्हटलं, बाई, हा सराव आहे, ही बाही कुणी घालणार नाही. तिनं माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं.

"शिवलेलं कापड कुणी ना कुणी घालतंयच की, मॅडम," ती म्हणाली.

मी तिला बजावलं की कारखान्याच्या कामात असले लाड चालत नाहीत. तिनं मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून फुली आतल्या बाजूनं घालायला लागली, इलॅस्टिकच्या घडीत, वरून दिसू नये अशी. मला ते दिसायचं. सोडून द्यायचे.

तिची दुसरी गोष्ट मला जास्त खटकायची. तिची पिशवी. बाकीच्या बायका पिशव्या खिडकीत ठेवायच्या, ही मात्र मांडीशी घेऊन बसायची. प्यायला उठली तरी पिशवी काखेत. सगळ्यात आधी यायची आणि सगळ्यात शेवटी जायची. येताजाता विचारायची, मोठं साहेब कधी येणार. कंपनीचा कुणीतरी वरचा माणूस वर्ग बघायला येणार असं पहिल्या दिवशी सांगितलेलं होतं, ते तिनं धरून ठेवलं होतं. मी म्हणायचे, येतील तेव्हा येतील. माझ्या मनात तिच्याबद्दल पाल चुकचुकायला लागली ती तेव्हापासून.

चाकण पट्ट्यात गुरुवारी सुट्टी. तिसऱ्या महिन्यातल्या एका शुक्रवारी मी कपाट उघडलं तर पोतं चपटं. बुधवारी मी स्वतःच्या हातानं तोंड बांधून ठेवलेलं, गच्च भरलेलं पोतं. आता त्यात तळाला चारदोन वाकड्या बाह्या. साहेब त्या दिवशी येणार नव्हता, म्हणून मी त्याला फोन केला आणि तुम्ही नेल्या का म्हणून विचारलं.

"मी नाही नेल्या, ताई," तो म्हणाला. "गावातलं काम आहे, लक्ष ठेवावं लागतं. तुम्हाला काय सांगायचं."

एवढंच बोलला. नाव कुणाचं घेतलं नाही. पण मी फोन ठेवला तेव्हा माझ्या मनात चोर ठरलेला होता. आज विचार करते तेव्हा मला माझाच राग येतो. ज्याच्यावर डोळा ठेवायचं ठरवलं होतं त्याचा शब्द मी एका फोनवर खरा मानला, कारण तो इस्त्रीच्या कपड्यात होता. आणि जिच्या हाताखालून एक टाका वाकडा गेला नव्हता, तिच्यावर संशय घेतला, कारण तिच्या काखेत पिशवी होती. दुसरी किल्ली कुणाकडे आहे हेसुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही. संशयी माणसाला वाटतं आपल्याला सगळं दिसतं. मला खालचंच दिसत होतं, वर मान करून बघायची सवयच नव्हती.

मी वर्गाचं दार लावलं आणि सगळ्यांना पिशव्या उघडायला सांगितल्या. बायकांनी कुरकुर केली, पण उघडल्या. डबे, पाण्याच्या बाटल्या, कुणाचा चष्मा, कुणाची तंबाखूची डबी. एकेक बघत मी तिच्याजवळ गेले. ती पिशवी देईना. म्हणाली, मॅडम, त्यात बाह्या न्हाईत. मी म्हटलं, मग दाखवायला काय हरकत आहे. तिनं पिशवी आणखी घट्ट धरली. मी ओढली. बंद तुटला आणि आतलं सगळं जमिनीवर आलं.

एक प्लॅस्टिकचं पाकीट होतं. त्यात सातबाऱ्याचे जुने उतारे, घडीवर फाटलेले. तिच्या नवऱ्याचा आणि मुलाचा फोटो. आणि एक अर्ज, कुणाकडून तरी लिहून घेतलेला, वर मोकळी जागा सोडलेली, कारण मोठ्या साहेबाचं नाव तिला माहीत नव्हतं. आमची सगळी जमीन कंपनीत गेली, घरटी एकाला कामाला लावतो असं तेव्हा तोंडी सांगितलं होतं, तरी मुलाला कामावर घ्यावं, एवढाच मजकूर. मोठे साहेब वर्गाला येतील त्या दिवशी त्यांच्या हातात द्यायचा म्हणून ती तो रोज घेऊन येत होती. गेटवरचे वॉचमन आत सोडत नाहीत, इथं तरी साहेब स्वतःच्या पायानं येईल, असा तिचा विचार. शिवण शिकायला ती आलीच नव्हती. ती मोठ्या साहेबाची वाट बघायला आली होती.

बायका हसल्या. वाईट मनानं नव्हे, पण हसल्या. एक म्हणाली, हिचं बघा, मशीनवर बसून कंपनीत शिरायचं चाललंय. वाकळवाली खाली बसली, कागद गोळा केले, फोटो पदरानं पुसला. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. मी सॉरीसुद्धा म्हणाले नाही. मी म्हणाले, ठीक आहे, बसा सगळ्या, काम सुरू करा.

त्याहून वाईट पुढं केलं. संध्याकाळी साहेबाला फोन करून सांगितलं की पिशव्या तपासल्या, काही सापडलं नाही, फक्त एकीकडे जमिनीचे कागद होते. मला वाटलं मी माझं काम चोख केलं. पुढच्या आठवड्यात साहेबानं आणलेल्या यादीत तिचं नाव नव्हतं. मी विचारलं तर म्हणाला, जमिनीचा विषय असलेली माणसं या कार्यक्रमात नकोत, ताई, त्याचं ऑफिस वेगळं आहे. तसंही ती त्या शुक्रवारनंतर आलीच नव्हती. गावात मात्र सगळ्यांनी सोपा अर्थ लावला. बाह्या गेल्या, पिशव्या तपासल्या, एक बाई वर्गातून गेली. दुसरं कुणाला काय वाटणार?

दोन-अडीच महिन्यांनी, एका गुरुवारी सकाळी, मी घरी नवऱ्याचे कामाचे कपडे भिजवत होते. प्रेस शॉपला पत्र्याच्या कडा हाताला लागतात म्हणून त्यांना स्टोअरमधून दंडापर्यंतच्या बाह्या मिळतात. त्याच्या जुन्या बाह्या पातळ होत्या, दोन धुण्यांत इलॅस्टिक सैल पडायचं. या नव्या होत्या, जाड जीन्सच्या. हातात घेतल्या तेव्हाच मला माप ओळखीचं वाटलं. मी इलॅस्टिकची घडी उलटली. आत काळ्या दोऱ्याची फुली.

दुसऱ्या बाहीतही होती.

मी साबणाच्या हातानं तशीच मोरीत बसून राहिले. नवऱ्याला विचारलं, कधीपासून मिळतायत. म्हणाला, लाईनवर दोन-तीन महिने झाले, मला परवा मिळाल्या, चांगल्या आहेत, का? मी सगळं सांगितलं. तो ऐकत होता तोपर्यंत त्याचा चेहरा माझ्या बाजूचा होता. मग त्याला कायम होणाऱ्यांची यादी आठवली असावी. त्यानं शांतपणे सांगितलं की हे कुठं बोलू नकोस, निदान दिवाळी होऊ दे. सात वर्षं तो रात्रपाळ्या ओढत होता. मी त्याच्यावर चिडले नाही. मला त्याचं पटलं होतं, हेच मला जास्त लागलं.

तरी साहेबाला मी विचारलंच. पुढच्या शुक्रवारी फोटो काढून झाल्यावर, बायका गेल्यावर. एक बाही पर्समधून काढून टेबलावर ठेवली. माझी अपेक्षा होती की तो दचकेल. त्यानं बाही उलटसुलट करून पाहिली, शिवण ओढून पाहिली आणि म्हणाला, छान झालीय. मग समजावल्यासारखं बोलला. कापड कंपनीचं, मशीन कंपनीचं, वीज कंपनीची. बायकांचा हात बसतो, कापड वाया जात नाही, कामगारांचे हात वाचतात. यात वाईट काय? मी म्हटलं, मग मी विचारलं तेव्हा नाही का म्हणालात. तो म्हणाला, मी कुठं नेल्या, टेम्पोनं नेल्या. त्याच्या तोंडावर इतकं निर्मळ हसू होतं की क्षणभर मलाच वाटलं, चूक माझी आहे.

निघताना त्यानं मोबाईल खिशात घातला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमचे मिस्टर प्रेस शॉपलाच ना, ताई? कोणत्या लाईनला?"

मी त्याला नवऱ्याबद्दल कधी एक अक्षर बोलले नव्हते.

त्या बाह्यांमागं कंपनी होती, की कुणी पुरवठादार, की हा साहेब एकटाच, हे मला आजही माहीत नाही. वरच्यांना ठाऊक होतं का, तेही नाही. मी सगळ्यांवर संशय घेऊन पाहिला आणि एकाचाही शेवट सापडला नाही. एवढं मात्र पक्कं कळलं की मी चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती.

मी वाकळवालीच्या घरी गेले. कंपनीच्या भिंतीला लागून उरलेले चार-पाच गुंठे, त्यात मेथी केलेली. ती ओट्यावर बसून बाजारासाठी जुड्या बांधत होती. मला बघून उठली नाही, पण बसा म्हणाली. पाणी दिलं. मी बाही तिच्यापुढं ठेवली, आतली फुली दाखवली आणि सगळं सांगितलं. माफी मागितली. मागताना मला रडू आलं. ते खरं होतं, पण रडले म्हणजे फिटलं असं मला मनातून वाटत होतं, हेही खरं.

तिनं बाहीत हात घालून बघितला. तुमच्या मालकाला बसती का बरोबर, असं विचारलं. मी मान हलवली. तिनं पुन्हा जुडी घेतली, मुळं झटकली, सुतळी गुंडाळली. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात प्रमाणपत्राचा कार्यक्रम आहे, मोठे साहेब येणार आहेत, तुम्ही या, मी तुमची गाठ घालून देते. तिनं हातातली जुडी बांधून पुरी केली, बाजूला ठेवली.

"पिशवी समद्यांसमोर वडली व्हती तुमी," शेवटी ती म्हणाली. "आता सांगायचं ते बी समद्यांसमोर सांगा. मला दुसरं काय नको."

मी शब्द दिला.

कार्यक्रमाच्या दिवशी समाजमंदिराला झेंडूच्या माळा लावल्या होत्या. मशिनं ओळीनं मांडलेली, प्रत्येकाला लाल रिबीन आणि कंपनीचं स्टिकर. बायका नव्या साड्यांत. मोठे साहेब आले, शाल झाली, नारळ झाला, गाणं झालं. कार्यक्रमपत्रिकेत माझं मनोगत होतं. साहेबानं चार ओळी लिहूनच दिल्या होत्या. मागच्या दाराशी वाकळवाली येऊन उभी राहिली. पिशवी काखेत, बंद पुन्हा शिवलेला.

मी माईकसमोर गेले. लिहिलेला कागद घडी घालून ठेवला. मी सांगितलं की मधे वर्गातल्या काही बाह्या दिसेनाशा झाल्या, तेव्हा मी एका ताईंच्या पिशवीवर संशय घेतला. तो माझा अपराध होता. त्या ताईंनी काही नेलं नव्हतं. बाह्या सापडल्या आहेत. मी सगळ्यांसमोर त्यांची माफी मागते.

पुढचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. बाह्या माझ्या नवऱ्याच्या हातात सापडल्या, कंपनीच्या आत. समोरच्या रांगेत साहेब बसला होता. तो माझ्याकडे बघत होता, हसत, मान किंचित डोलावत, एखाद्या मुलाला पाठांतर आठवून द्यावं तसा. मला घरातला गुरुवार आठवला, नवऱ्याचं शांत बोलणं आठवलं, सात वर्षं आठवली. मी धन्यवाद म्हटलं आणि खाली उतरले.

टाळ्या पडल्या. साहेबानं सगळ्यात जोरात वाजवल्या. मोठे साहेब उभे राहून म्हणाले की चूक कबूल करायला मोठं मन लागतं, हाच आमच्या कंपनीचा संस्कार आहे. त्या ताईंना पुढं बोलवा म्हणाले. साहेबानं त्या यादीत नसल्याचं कानात सांगितलं, तर म्हणाले, नसल्या तरी त्यांनाही एक मशीन द्या. वाकळवाली पुढं आली. तिला मशीनला हात लावून उभं केलं, मोठे साहेब एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. फोटो निघाला. तिनं तेवढ्यात पिशवीतून अर्ज काढून मोठ्या साहेबांना दिला. त्यांनी तो वाचला नाही, पण अदबीनं घेतला आणि शेजारी उभ्या आमच्या वर्गाच्या साहेबाच्या हातात दिला, लक्ष घाला म्हणाले. साहेबानं तो चौघडी करून खिशात घातला.

कार्यक्रम संपल्यावर मी बाहेर तिला गाठलं. रिक्षावाला मशीन वर चढवत होता. माझ्या अंगावरचं ओझं उतरलं होतं, मला जवळजवळ आनंद झाला होता. मी म्हटलं, सांगितलं बरं का मी, समद्यांसमोर.

"सांगितलं," ती म्हणाली. "सापडल्या म्हणला तुमी. कुटं सापडल्या त्ये न्हाई म्हणला."

आतून बायकांच्या हसण्याचे आवाज येत होते, पेढे वाटणं चाललं होतं.

"आत्ता दोघीजणी इचारत व्हत्या मला," ती म्हणाली. "गुपचूप आणून ठिवल्यास का गं म्हणून."

ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला बरं पडलं असतं. ती माझ्याकडे बघत थांबली, मी अजून काही म्हणते का ते बघायला. आत परत जायला दहा पावलं होती, माईक अजून चालू होता, बायका सगळ्या तिथंच होत्या. मी घड्याळात पाहिलं आणि म्हणाले की माझी भोसरीची बस चुकेल.